वर किती?

सोमवार, ४ तारीख

स्वतःच्या घरात बसून रोजनिशी लिहायचा हा पहिला दिवस. चाळीस वर्षं गॅरेजमागच्या दोन खोल्यांत काढली, आता हे बैठं कौलारू घर. दाराशी पाच पायऱ्या, खिडक्या अशा की उजेडाला विचारावं लागत नाही.

सामान लावताना जुनाच खेळ झाला. मी खोकं ठेवून 'एक' म्हटलं की बायको पुढचं ठेवून 'दोन' म्हणणार. लग्नापासूनची खोड. मी कुठलाही आकडा उच्चारावा, पुढचा तिच्या तोंडातून सुटलाच समजा. एकदा डॉक्टरांनी मला तीनपर्यंत मोजायला सांगितलं, तर त्यातला दोन हिनंच मोजला.

छप्पर मात्र म्हातारं झालंय. कौलं, वासे, सगळंच बदलायचं. उद्यापासून मिस्त्री आणि त्याची चार माणसं येतील. खोल्यांवर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, असल्यामुळे आभाळ डोक्यावर येणार नाही, पण धूळ येणार. बायकोला ती सोसत नाही, म्हणून ती बहिणीकडे निघाली. मलाही चला म्हणत होती. मी नाही म्हटलं. ज्यानं बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड सांगितला, त्याला कोण खिळा ठोकतोय आणि कोण ठोकल्याचं नाटक करतोय हे खुर्चीत बसून कळेल. ती म्हणाली, हे कानच एक दिवस तुम्हाला बुडवणार. रविवारी परत येते.

मंगळवार, ५ तारीख

माणसं कामाची आहेत. मिस्त्रीची एक पद्धत मला फार आवडली. काम सुरू करताना, जेवायच्या सुट्टीला आणि संध्याकाळी तो अंगणात उभा राहून विचारतो, "वर किती?" वरून एकेक गडी आपला नंबर देतो. एक, दोन, तीन, चार. मोजणी जुळल्याशिवाय शिडी हलत नाही. आमच्याकडे पान्यांचं असंच होतं. एक पाना कमी भरला की गाडी फाटकाबाहेर जायची नाही.

फोनवर बायकोला याची नक्कल करून दाखवली. 'चार' म्हणून थांबलो, तर पलीकडून 'पाच' आलंच. दोघंही पोट धरून हसलो.

एक गोष्ट कानाला खटकली. पावलांच्या जोड्या पाच वाटतात. चार कौलांवरून चालतात. पाचवी त्यांच्या खाली, तक्तपोशीवरून, अनवाणी. मिस्त्रीला म्हटलं, माणसं चार आणि पाय दहा, हा कुठला हिशेब? एरवी माझ्या विनोदाला दाद देणारा गडी, या वेळी हसला नाही.

बुधवार, ६ तारीख

जेवायच्या सुट्टीची मोजणी चालली होती. 'चार' झालं आणि कालचा विनोद जिभेवरच होता. खुर्चीतूनच मी आरोळी ठोकली, "पाच!"

वर सगळं थांबलं. ती अनवाणी पावलंसुद्धा, बरोबर माझ्या डोक्यावर.

मिस्त्री चपला न काढता आत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, जुन्या छपराखाली कधी कधी कुणीतरी असतं. त्याला नंबर नसतो, म्हणून त्याला खाली उतरता येत नाही. मोजणी असते ती त्याच्यासाठीच. आमच्यात मिसळून ते उतरू नये म्हणून.

"खालच्या माणसानं वरच्या मोजणीत ओ द्यायची नसते, शेठ. दिली की तो वरचा झाला. खाली त्याची जागा रिकामी."

आत्ताच्या आत्ता बाहेर पडा, आढं बसेपर्यंत फिरकू नका, असं त्याचं म्हणणं. आढं म्हणजे छपराचा कणा. तो शनिवारी बसेल. मी म्हटलं, मालकाला घालवून कच्चे वासे खपवायची युक्ती छान आहे. तो रागावला नाही. उठून परत शिडीकडे गेला, ते जास्त लागलं.

आयुष्य दुसऱ्याच्या खोल्यांत काढलं. आता स्वतःच्या घरातून चार कौलांना भिऊन निघू? राहणार.

गुरुवार, ७ तारीख

सकाळपासून अनवाणी पावलं नाहीत. आता चपला आहेत. जरा फरफटत्या. आणि दर दुसऱ्या पावलाला कट् असा बारीक आवाज.

पन्नास गाड्यांतून आपली गाडी ओळखावी तसा ओळखला. माझा डावा गुडघा आहे तो.

उठून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेलो. गुडघा वाजला नाही. चपलाही नाहीत. कप बशीवर आपटला. काही नाही. टाळी वाजवली, हाताला झिणझिण्या आल्या, आवाज आला नाही. वर मात्र कुणीतरी टाळी वाजवली.

बायकोला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग बहिणीला म्हणाली, यांचाच नंबर आहे, पण पलीकडे कुणीच नाही.

मिस्त्रीचं ऐकायला हवं होतं. पिशवी भरली. उजाडताच निघतो.

शुक्रवार, ८ तारीख

निघालो. एक, दोन, तीन, चार पायऱ्या उतरलो. पाचवीवर पाय टेकला आणि मी दारात. पुन्हा उतरलो. पुन्हा दारात. अकरा वेळा.

मागच्या दारानं गेलो, तरी पुढच्याच दारात आलो.

मिस्त्री अंगणात चार हातांच्या अंतरावर उभा होता. घसा फुटेस्तोवर ओरडलो. त्याचं लक्ष दाराकडेच होतं, पण मी त्याला दिसत नव्हतो. त्यानं विचारलं, वर किती. एक. दोन. तीन. चार.

पाच — वरून. माझा आवाज. माझं तोंड मिटलेलं होतं.

मिस्त्रीनं टोपी काढली. हळूच म्हणाला, जुळली.

शनिवार, ९ तारीख

आढं बसलं. शेवटचा खिळा ऐकला, आणि —

नव्या लाकडाचा वास. डोकं वाशाला लागतंय. कौलांच्या फटीतून उजेडाच्या रेघा येतात, त्यात लिहितोय. वही खिशात होती म्हणून.

तक्तपोशी माझ्या खाली आहे.

शिडीवरून चौघं उतरले. मग पाचवा. कट्. चपला फरफटत आत गेला. माझी खुर्ची करकरली.

इथे मला आवाज आहे. मिस्त्रीला हाक मारणार, एवढ्यात त्यानंच शेवटचं विचारलं, वर किती? माझ्या तोंडातून 'पाच' सुटलं. मी म्हटलं नाही. खोकला यावा तसं आलं. दुसरा शब्द काढेपर्यंत शिडी हलली होती. फाटकापर्यंत त्यांची पावलं ऐकली. सगळेच भराभर चालत होते.

रविवार, १० तारीख

ती आली. पायऱ्या मोजत आली, एकटीच. पाचही.

तो तिच्याशी बोलतोय. माझे विनोद सांगतोय. ती हसतेय, खरं हसतेय —

हाक मारणार होतो. मारली नाही. ती खालून ओ देईल. ओ दिली की —

मिस्त्रीचं ते वाक्य. खालच्या माणसानं ओ —

गप्प बसायचं. ती खाली राहिली पाहिजे. बाकी काही नको. श्वाससुद्धा हळू.

पेन्सिल खरखरतेय. तिनं ऐकलं. वर काय वाजतंय हो, म्हणाली. तो म्हणाला उंदीर असेल. मग म्हणाला — किती आहेत विचार की त्याला, मिस्त्रीसारखं —

नाही —

तिला गंमत वाटली. स्टूल ओढतेय. माझ्या बरोबर खाली. हसू दाबतेय, मला ओळखू येतं —

मूठ तोंडात कोंबली आहे. दात रुतलेत —

विचारलं. वर किती —

मूठ असूनही आलं. पाच. स्पष्ट आलं —

नको. या एका वेळी नको. पुढचा नको म्हणूस. चाळीस वर्षांत एकदा तरी —

तिनं श्वास घेतला. ती म्हणतेय स