उघड्या खिडकीबद्दल

आई,

तुम्ही खाली उन्हात बसला आहात, तेवढ्यात मी निघतेय. ऑफिसला नाही, मेट्रोने सेक्टर अठराला, लेडी डॉक्टरकडे. कुकरमध्ये खिचडी आहे. जेवून घ्या, माझी वाट बघू नका. शेकायची पिशवी तापवून तुमच्या पलंगावर ठेवलीय, वर आल्या आल्या गुडघे शेकून घ्या.

काल एवढ्या थंडीत मी खिडकी सताड उघडली आणि तुम्ही बंद कर म्हणालात, तर "मग पुण्याला जाऊन राहा" असं ओरडले. माफ करा. अंगातून नुसत्या वाफा निघत होत्या, छातीत धडधडत होतं. हल्ली मीटिंगमधूनही उठून बाहेर येते. मला वाटायचं, माझं डोकं फिरायला लागलंय.

आज सकाळी चहा देताना तुम्ही म्हणालात, "अगं, तुझ्या वयात, पाळी जायच्या वेळी, मलाही असंच व्हायचं. विक्रांतच्या बाबांना वाटायचं, मी नाटकं करते. मग मी बोलायचंच सोडलं." त्यानंतर माझं कशात लक्षच लागेना. शेवटी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आजचीच वेळ दिली.

विक्रांतला यातलं काही माहीत नाही. त्याने विचारलं की मी ऑफिसचं टेन्शन म्हणून मोकळी होते. आज तो आला की सगळं सांगणार आहे. तो हसेल, नाहीतर टीव्ही लावेल. तेव्हा प्लीज, तुम्ही माझ्या शेजारी बसून राहा.

अबोली