निवडणुकीपुरती जमीन

वेनफोर्ड, २५ सप्टेंबर १७१०

ती. एम्ब्रोझदादांस, टॉमसिनचा सा. न. वि. वि.

इथे सफरचंदं उतरवून झाली, गुडघा कुरकुरतोच आहे. तुमच्या कॉफीगृहात रोज सकाळी फ्रान्स जिंकून होतो ना अजून?

फ्रान्सशी चाललेल्या या युद्धापायी स्पेनचा व्यापार बसला, माग थंड पडले आणि माझा धाकटा मायल्स चार महिने रिकामा आहे. रिकाम्या माणसाला धरून फ्लँडर्सच्या लढाईवर धाडतात. माझा थोरला तिथेच मातीत गेला. हाही गेला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघून जगू? ज्याला मताचा हक्क आहे त्याला धरता येत नाही, असं पाद्रीबाबा सांगत होते. काहीतरी करा, दादा.

धाकटीवरची माया आटू देऊ नका.

टॉमसिन

लंडन, २ ऑक्टोबर

चि. टॉमसिनला अनेक आशीर्वाद.

रडूबाई, डोळे पूस. ओढ्याकाठचं माझं घर आणि वावर मायल्सच्या नावे करतो. जमीन आली की मत आलं. वकील परतीच्या, म्हणजे जमीन मला परत देण्याच्या, कागदावरही त्याची सही घेईल. तो कागद युद्ध संपेपर्यंत माझ्या पेटीत पडून राहील. निवडणुकीच्या तोंडावर अशी मतं दोन्ही पक्ष पिकवतात, त्यात लाजायचं काही नाही.

त्याने एवढंच करायचं, भर चौकात युद्ध पुढे नेणाऱ्या आमच्या व्हिग पक्षाच्या उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. तहाची भीक मागणाऱ्या टोरींचं नाही.

गुडघ्याला जप. मामाचा लोभ आहेच.

एम्ब्रोझ

लंडन, २० ऑक्टोबर

टॉमसिन,

तुझ्या दिवट्याने सगळ्या गावासमोर टोरीचं नाव घेतलं! वर म्हणाला म्हणे, भावाला खाणाऱ्या युद्धाला मी मत देणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी औलाद! मला शिसारी आली. परतीचा कागद पेटीतून काढला आहे. घर आजपासून माझं.

एम्ब्रोझ

वेनफोर्ड, १२ मार्च १७११

दादा,

गुरुवारी मायल्सला धरून नेलं. भरतीच्या टेबलाशी तेच टोरी जमीनदार बसले होते, ज्यांनी मताच्या दिवशी त्याला मिठी मारून शूर पोरा म्हटलं होतं. मी त्यांचे पाय धरले. आता तर राज्य तुमच्याच पक्षाचं, तहाचं वचनही तुमचंच, असं मी त्यांना म्हणाले. ते हसून म्हणाले, बाई, तह चांगला पदरात पडायचा तर तोवर फौज भरलेली हवी. आणि याच्या नावे आता जमीन कुठे आहे?

तुमच्या पेटीतला तो कागद त्यांच्यासमोर पडला होता. वर तुमच्या वकिलाची चिठ्ठी होती. मायल्सचं नाव तुम्ही स्वतःहून कळवलं होतं, दादा. पोराने ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

व्हिग काय, टोरी काय, दोघांचीही मला किळस येते. पण ते परके होते. तुम्ही त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. यापुढे तुमचं पत्र आलं तर न फोडता चुलीत जाईल.

मायल्सची आई