होडीचा पोळा

३ ऑगस्ट १९७८
आली! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पालथी घालून आणली, तरी आली! पांढरी होडी, दोन वल्ही, आठ माणसं बसतील एवढी. गाव वाजतगाजत पाण्यापर्यंत गेलं. मीही गेले. सरकारी नर्सने नाचू नये म्हणतात — नाचले थोडी.

धरण भरल्यापासून जुनं गाव पाण्याखाली, गंगापूरचा रस्ताही पाण्याखाली. दवाखान्यात जायचं तर वळसा घालून बैलगाडीने अख्खा दिवस, तोही काळ्या चिखलातून. आता पलीकडच्या काठाला अर्ध्या तासात! तिथून जीप.

मला आनंद एकाच गोष्टीचा. सांडूची बायको भागूबाई. तिसरी खेप. आधीची दोन्ही बाळंतपणं जुन्या गावात घरीच झाली, दोन्ही लेकरं गेली. डॉक्टरांनी तिच्या कार्डावर लाल शाईने लिहिलंय — दवाखान्यातच. दिवस भरतायत सप्टेंबरच्या सुरुवातीला. होडी वेळेवर आली म्हणायची.

९ ऑगस्ट
होडी चालवायला पुंजारामदादा. जन्म गेला औत हाकण्यात. वल्ही मारताना होडीला "हाऽ, चल माझ्या राजा" म्हणतात. वळायचं असलं की जीभ टाळ्याला लावून टक-टक करतात. होडी वळते!

सरपंच तात्यासाहेब आज पहिल्यांदा बसले. डोळे मिटून, दोन्ही हातांनी माझी औषधांची पेटी धरून. उतरल्यावर म्हणाले, "काय नाय, सोपं हाय."

१३ ऑगस्ट
बुडाली!!

म्हणजे माणूस नाही, होडी. पुंजारामदादांनी काल संध्याकाळी खुंटा ठोकून बैलासारखी आखूड दाव्याने बांधली. का? तर "लांब दावं ठिवलं की जनावर गुतून बसतंय." वरून पाणी आलं, सकाळपर्यंत दोन हात चढलं. खुंटा पाण्यात, तोंड खुंट्याशी, बिचारी वर येणार कशी? नुसतं शेपूट दिसत होतं.

चार बैलजोड्या लावून ओढून काढली. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबून उभी होते. पुंजारामदादा गंभीर. होडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लागलं का रं?" मग मात्र मी मोठ्याने हसले. तेही हसले.

आता लांब दावं.

१९ ऑगस्ट
भागूबाई होडीत बसणार नाही म्हणते.

"का हो?"
"नाय बसत बाई."
"अहो, मी आहे ना शेजारी."
"नाय."

बस्स. सांडूला विचारलं, तर तो खाली बघून म्हणतो, "गाडीनं नेतो की." गाडीनं! कळा सुरू झाल्यावर दिवसभर चिखलातून! इतकी चिडले की त्याचा चहा न पिताच उठले. मग घरी येऊन वाईट वाटलं, चहा चांगला करतो तो.

भीती आहे, दुसरं काय. इथे पोहता कुणालाच येत नाही. शेतकरी माणसं, पाणी विहिरीत बघायची सवय.

२४ ऑगस्ट
युक्ती केली. ट्रकच्या चाकाची ट्यूब मागवली, फुगवली, कमरेला अडकवून भागूबाईसमोर पाण्यात उतरले. बघा, बुडत नाही! पोरं, बाया, म्हातारे — सगळा गाव हसायला. माझं लुगडं फुग्यासारखं वर! आईला कळलं तर औरंगाबादेहून चालत येईल मला न्यायला.

भागूबाईही हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो. मला वाटलं, जिंकले. मग तिने विचारलं, "ही होडी जाती कुठून?"

मी म्हटलं, "सरळ! जुन्या गावावरून. खाली काय आहे ते कळतसुद्धा नाही."

तिचं हसू गेलं. उठली आणि घरी गेली. तेवढं "खाली" बोलायला नको होतं. खोलीचीच धास्ती बसली तिला.

३० ऑगस्ट
पाऊस. गाडीवाट गुडघाभर चिखलात. भागूबाई — "नाय."

२ सप्टेंबर, पोळा
आज होडीचा पोळा झाला! खरंच!

पुंजारामदादांचं म्हणणं, महिनाभर राबली, तिला का नाही? पुढच्या टोकाला हिंगूळ लावला, बाशिंग बांधलं, पाठीवर झूल. तात्यासाहेब आधी म्हणाले, "लोक हसत्याल." मग नारळ त्यांनीच फोडला. पुरणपोळीचा घास टोकाला लावला आणि उरलेली पोळी पुंजारामदादांनीच खाल्ली — होडीच्या वतीने. मी चार खाल्ल्या, माझ्याच वतीने.

आणि एवढ्यात भागूबाई ओवाळणीचं ताट घेऊन आली. एक हात कमरेवर. होडीला ओवाळलं, ताट सासूच्या हाती दिलं आणि मला हळूच म्हणाली, "सकाळधरनं दुखतंय बाई. बसते मी. पन दादाला सांगा, मी म्हनंल तिथं थांबवायची."

थांबवू! शंभरदा थांबवू! पेटी घ्यायला घरात आलेय, उभ्या उभ्या लिहितेय, अक्षर बघा कसलं. होडीवरची झूल तशीच आहे. तशीच जाणार!

३ सप्टेंबर, गंगापूर
मुलगी. साडेसहा पौंड. दोघी सुखरूप.

काल मध्यावर भागूबाईने हात वर केला. पुंजारामदादांनी लगेच वल्ही उचलून धरली. तिने पदराची गाठ सोडली. दोन पुरणपोळ्या होत्या. मला वाटलं होतं, वाटेत खायला घेतल्यात. एक पाण्यात सोडली, मग दुसरी, वेगवेगळ्या जागी.

"हितं माझी दोघं पुरलीत बाई. त्येंच्या अंगावरून कशी जाऊ, म्हनून बसत नव्हते. आता सांगितलं त्येंला, पाठचं येतंय, जाऊ द्या."

मग कळ आली, आणि तिने माझा हात धरला.