मोहाच्या झाडाखाली विचारलेला प्रश्न

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
साळईटोला परिक्षेत्र, जि. चंद्रपूर

विषय : मौजा खैरबोडी येथील वाघांबाबतची विचारणा घरोघरी जाऊन पुन्हा करणेबाबत.
संदर्भ : गस्तीच्या यादीतून गाव वगळल्याचे आपले पत्र, दि. ३ मार्च २०२५.

महोदय,

अर्जदार नूतन प्रफुल रामटेके, बी.एस्सी., रा. खैरबोडी, सविनय कळविते की,

१. गतवर्षी एप्रिलमध्ये एका संशोधन संस्थेचे दोन सर्वेक्षक गावात आले. बाया मोहफुले वेचायला गेलेल्या, म्हणून त्यांनी जंगलातच, झाडाखाली, प्रत्येकीला विचारले, "वाघ दिसला का?" एक्केचाळीस जणींनी "नाही" सांगितले. त्यावरून अहवाल निघाला की, या जंगलात वाघ नाही.

२. त्या एक्केचाळिसांत अर्जदाराच्या सासूबाई अंजनाबाई होत्या. त्यांनी आदल्याच दिवशी वाघ पाहिला होता. मग खोटे का सांगितले, असे विचारता त्या म्हणाल्या, "जंगलात बसून त्याचं नाव घेते का कोनी? घरी इचारलं असतं तर सांगतलं असतं ना मी!" अर्जदाराचे कुटुंब बौद्ध असून अंधश्रद्धा मानत नाही. तरीही जंगलात अर्जदारसुद्धा ते नाव घेत नाही, हे प्रांजळपणे नमूद करते.

३. एक्केचाळिसांपैकी एकीनेही "हो" म्हणू नये, याची शंका एकाही शास्त्रज्ञाला आली नाही? सगळी उत्तरे सारखी आली की आधी आपली विचारण्याची रीत तपासावी, असे अर्जदारास कॉलेजात शिकवले होते. शिवाय वाघ टिपण्यासाठी संस्थेने कॅमेरा बांधला तो डांबरी रस्त्याकडे तोंड करून. त्यात अर्जदाराच्या पतीची मोटारसायकल चार वेळा आली. कुठेतरी पाणी मुरते आहे.

४. त्यानंतरच्याच मे महिन्यात तेंदूपाने तोडताना सासूबाईंवर हल्ला झाला. उजवा हात कायमचा गेला. पंचनाम्यात "बहुधा रानडुक्कर" असे लिहिले, कारण अहवालाप्रमाणे वाघ नाहीच. खांद्यावर चार नखांचे ओरखडे आहेत. डुकराला पंजा कधी फुटला, तेही शास्त्रीय भाषेत कळवावे.

५. सोमवारपासून मोहफुलांची वेचणी सुरू होईल. सासूबाईंच्या जागी यंदा अर्जदार जाणार आहे. अर्जदाराला फार भीती वाटते. तरी विचारणा घरोघरी पुन्हा करावी व तोवर गस्त त्वरित सुरू करावी. ते जमणार नसल्यास, अहवालावर सही करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सोमवारी पहाटे पाच वाजता अर्जदाराच्या पुढे चालावे. वाघ नाहीच, तेव्हा त्यांची हरकत नसावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नूतन प्रफुल रामटेके
दि. १२ मार्च २०२५

सोबत :
१. अहवालाच्या पान ६ ची प्रत
२. सासूबाईंच्या खांद्याचा फोटो
३. शास्त्रज्ञांसाठी टोपली, नग एक