माशांसाठी केलेला काढा

नाइतासिरी,
रविवार, चर्चनंतर

प्रिय उनाइसीवन्सं यांना,

वासेमाथाचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता चर्चच्या पायऱ्या चढू देतो ना? इकडे सगळं ठीक. यंदा अळकुड्या चांगल्या पोसल्या आहेत, तुमचे बंधूही.

पत्राचं कारण आभार. मला ती सवय नाही, म्हणून आधी उरकते: तुमच्या काढ्याने आमचं तळं वाचलं. (कसं वाचलं ते तुमच्या कल्पनेत नसेल, म्हणून पुढचं.)

महिला मंडळाच्या तळ्यातल्या तिलापिया माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि ते खाईनासे झाले. गावप्रमुख अपाकुकींनी तत्परतेने जाहीर केलं, की मासे मेले तर तळं बुजवून तिथे रग्बीचं मैदान करायचं. (माशांच्या तब्येतीची चौकशी करायला ते रोज येत, आणि जाताना काठ पावलांनी मोजत जात.) तुमचे बंधू शहरातून अँटिबायोटिकच्या कॅप्सूल घेऊन आले. मी त्या परत पाठवल्या. औषध घातलेले मासे समुद्रकाठचं हॉटेल घेत नाही. शिवाय जंतू एकदा औषधाला सरावले की पुढच्या खेपेला तळ्यात काय ओतायचं? सुवा शहरातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेय मी, एवढं अजून आठवतं.

मग तुम्ही सांगितलं तसं पेरूची पानं, लसूण आणि हळद असं सगळं आम्ही बायकांनी कुटलं, उकळलं, गाळलं. एवढा काढा मावेल असं भांडं कुणाकडे नव्हतं, म्हणून सभाघरातली, पुरुषमंडळी यांगोनाच्या मुळ्यांची पूड पाण्यात कालवून पितात ती पायांची मोठी लाकडी काथवट घेतली. काढा तिथेच निवत ठेवला आणि माशांचं खाद्य आणायला गेलो. यांगोना गढूळ असते. काढाही गढूळ होता.

नेमके तेव्हाच शेजारच्या गावचे रग्बीवाले मैदानाची जागा बघायला आले. तुमचे बंधू त्यांना आणि अपाकुकींना घेऊन सभाघरात शिरले, भरलेली काथवट पाहिली आणि म्हणाले, "बघा, आमची वासेमाथा! न सांगता कालवून ठेवलीय." मी परतले तेव्हा करवंटी पाहुण्यांच्या म्होरक्याच्या ओठाला लागली होती. अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं, हे तुमच्या आईनेच मला शिकवलंय. त्याने एका दमात संपवली, रीतसर टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी.

"जहाल आहे हो. कुठल्या बेटाची?"

"घरचीच!" तुमचे बंधू म्हणाले. (त्यांची पाळी अजून यायची होती.)

अपाकुकींनी आपली करवंटी संपवली, लसणाचा ढेकर गिळला आणि म्हणाले, "हिला म्हणतात यांगोना! हल्लीची पोरं नुसतं पाणी पाजतात."

पाहुण्यासमोर यजमान तोंड वाकडं करेना आणि यजमानासमोर पाहुणा. दुसरी फेरीही झाली. माशांना थेंब उरला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकांनी आपापल्या चुलीजवळचा उरलासुरला लसूण न कुरकुरता आणून दिला. नवा काढा मी दारात बसून राखला. तो खाद्यात कालवून सावलीत वाळवला, आणि तुमच्या ताकिदीप्रमाणे खाद्य कमी करून ओढ्याचं ताजं पाणी सोडलं. काही मासे गेले. बाकीच्यांचे चट्टे मावळले, आता खाद्याची पाटी दिसताच धावतात. (यात काढ्याचं श्रेय किती आणि ताज्या पाण्याचं किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.)

तरी अपाकुकींच्या डोक्यातलं मैदान जाईना. त्यांनी गावाची बैठक बोलावली, पण त्याआधी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"वासेमाथा, त्या दिवशी काय पाजलंस?"

"माशांचं औषध."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच, "कित्येक वर्षांत पहिल्यांदा अख्खं प्रवचन बसून ऐकलं, बाई. पोटाने एकदाही उठवलं नाही. तळं नसलं तरी करशील हे औषध?"

"कुणासाठी करू?"

बैठकीत तेच उभे राहून म्हणाले, की तळं ही गावाची शान आहे आणि मैदान शेजाऱ्यांनी त्यांच्याच गावात करावं.

तर वन्सं, तळं बायकांच्याच हातात राहिलं ते तुमच्यामुळे. मंडळातली प्रत्येक बाई तुमचं नाव काढते. मीसुद्धा.

तुमची भावजय,
वासेमाथा

ता. क. लसूण पाठवा. भरपूर. मासे आणि अपाकुकी दोघांनाही लागतो.

आणखी एक ता. क. खरं काम हेच आहे. नाताळात याल तेव्हा काढ्यात काय असतं ते अपाकुकी तुम्हाला खोदून विचारतील. एक अक्षर बोलू नका. पेरूचं सगळ्यात मोठं झाड त्यांच्याच परसात आहे.