हॉलमधली घडवंची हलवू नये

मी, छापखान्यातून निवृत्त झालेला यंत्रचालक, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहीत आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हात कापतो. अक्षर वाकडे आले तरी डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. माझ्यामागे, पत्नी हयात असेपर्यंत, ते तिचे. तिला विस्मरणाचा आजार आहे. या कारणावरून तिला कुठल्याही संस्थेत ठेवू नये.

२. हॉलमधली माशांची मोठी काचपेटी व तिच्याखालची सागवानी घडवंची जागची हलवू नये. मी इस्पितळात असताना मुलाने, तेव्हाचे खालचे टेबल वाकले या सबबीवर, पेटी माशांसकट विकली. टेबल वाकले होते हे खरे. पण त्या पेटीसमोर बसली की पत्नीला कशाची भीती वाटत नाही, हे त्याला ठाऊक होते. रिकाम्या भिंतीपुढे ती उभी राहिली ती बसेचना, घास घेईना. सूनबाईने नवऱ्याशी भांडून, घेणाऱ्याच्या दारात जाऊन पेटी परत आणली. बरेच मासे दगावले होते.

३. घडवंची मी आणि सूनबाईने केली. मला वजन उचलायची मनाई, म्हणून मापे माझी, उचलणे तिचे. वरची चौकट थेट पायांच्या डोक्यावर टेकवली आहे, म्हणजे पाण्याचा भार स्क्रूवर न येता सरळ जमिनीत उतरतो. एक पाय आखूड कापला गेला. मी म्हणालो, खाली फळकूट ठोकू. सूनबाई म्हणाली, "नको बाबा. आई रोज याच्यापुढे बसणार. नवा पाय कापा." कापला.

४. पाणी भरल्यावर मुलाने दोन्ही हातांनी घडवंची हलवून पाहिली. "बाबा, एवढं भक्कम कशाला? आई आता अशी कितीशी..." पुढचे त्याने गिळले, पण मला ऐकू आले. त्याच आठवड्यात हे लिहायला घेतले.

सबब पत्नीच्या पश्चात घर सूनबाईचे, तिच्या एकटीच्या नावे. बँकेतली शिल्लक पत्नीच्या सांभाळासाठी, तीही सूनबाईच्या हाती. झेपेनासे झाले तर तिने खुशाल बाई ठेवावी, मनाला लावून घेऊ नये.

मुलाला माझी करवत, रंधा व पाणसळ. तो वाईट नाही, घाबरट आहे. आईने "आपण कोण?" विचारल्यापासून तो तिच्याकडे बघत नाही. कधीतरी तिच्या शेजारी बसावे, एवढेच मागणे.

५. मी गेल्याचे पत्नीला पुन्हा पुन्हा सांगू नये. काम संपले त्या दुपारी तिने लाकडावरून हात फिरवला आणि मला विचारले, "छान झालंय. तुम्हीच केलंत का हो?"

"हो," मी म्हणालो.

तिने आत हाक मारली, "अगं, सुतारांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस!"

मी परक्यासारखा संकोचत ताटावर बसलो. तिने आग्रह करकरून वाढले. पुढे कधी तिने विचारलेच, तर सुतार पोटभर जेवून घरी गेले, असे सांगावे.

स्थळ: राहते घर. दिनांक: ९ मार्च.

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही झाली, वाचून दाखवल्यावर:
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: लाकडाच्या वखारीचे मालक (सही)