टेंप म्हणजे कोण

भवानी पेठ, सोलापूर
८ ऑगस्ट १९७४

ती. अप्पांना दाक्षायणीचे शरणार्थी.

मी बरी आहे. खानावळीत कडक भाकरी मिळते. अव्वाचा खोकला थांबला का?

ऑफिसात विलायतेहून आलेले साहेब मला ‘टेंप’ म्हणतात. मला वाटलं, टायपिस्टचंच ते छोटं नाव. काल रजेवरच्या कुमुदबाई तान्ह्या बाळाला घेऊन आल्या. “ही कोण?” त्यांनी विचारलं. “टेंप. तुम्ही येईपर्यंत,” साहेब म्हणाले. मी उठून बाईंना त्यांची खुर्ची दिली. बाळ बराच वेळ माझ्याकडे होतं.

बाई एक तारखेला कामावर येतील. मला बघायला येणाऱ्या अक्कलकोटच्या पाहुण्यांना तुम्ही माझी नोकरी कायमची सांगितली आहे. त्यांना खरं कळवा. तरीही येणार असतील, तर मी घरी येते.

तुमची,
दाक्षायणी